मेकाँगच्या मुलीचे गेंगाणे बोलणे: टाळू शिवल्यानंतरचे एक प्रकरण

सहा वर्षांची मुलगी. जन्मतः डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू पूर्ण दुभंगलेले. ओठ सहाव्या महिन्यात शिवला. टाळू शिवायला मात्र बाविसावा महिना उजाडला, कारण प्रांताच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे शिबिर तेव्हा आले. घर व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या दोंग थाप प्रांतात. आईवडील हो ची मिन्ह शहराजवळ कारखान्यात कामाला, मुलगी आजीपाशी. सप्टेंबरात पहिलीत जायचे आहे. आजीची तक्रार दोनच वाक्यांची: पोरगी नाकात बोलते, आणि कालवणाचे पाणी नाकातून येते. बालवाडीच्या बाईंना तिचे निम्मे बोलणे कळत नाही. आजीला सगळे कळते.

सोबत आधीच्या तपासणीचा कागद होता. त्यावर तीन ओळी: तीव्र अनुनासिकता, १२ व्यंजनांत दोष, घशाच्या मागच्या भिंतीवरून पट्टी उचलून टाळूला जोडण्याची शस्त्रक्रिया (फॅरिंजियल फ्लॅप) सुचवली आहे. ही शस्त्रक्रिया करायची की नाही, एवढाच प्रश्न घेऊन कुटुंब आले.

(हे प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. अशा मुलांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे आणि मोजमापे त्या चित्राला धरून दिली आहेत. भाषेचा, तपासणीचा आणि उपचाराचा तपशील मात्र खराखुरा आहे.)

व्हिएतनाममध्ये दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपासून होत आहेत. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ऑपरेशन स्माइल या संस्थेची पथके १९८९पासून तिथे जातात. वाचा उपचार मात्र मागून आले: हो ची मिन्ह शहरातल्या फाम न्गोक थाक वैद्यकीय विद्यापीठात दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला तो २०१० साली. टाळू शिवून झाली, पण बोलण्याकडे कोणी पाहिलेच नाही, अशी मुले शाळेच्या तोंडावर थेरपिस्टकडे येतात ती त्यामुळे. एव्हाना त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक, नाक आणि तोंड यांच्यामधले दार (मऊ टाळू वर उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकते ते) नीट मिटत नाही. दोन, ते मिटत नाही म्हणून मुलाने घशात स्वतःपुरते शोधलेले उच्चार. पहिलीला शस्त्रक्रिया लागते, दुसरीला शस्त्रक्रियेचा काडीचा उपयोग होत नाही. दोन्ही वेगळ्या करता आल्या तरच निर्णय बरोबर येतो, आणि त्या वेगळ्या करायच्या तर मुलाला काय म्हणायला लावायचे हे त्याच्या भाषेतून, त्याच्या गावच्या बोलीतून ठरवावे लागते.

यादी हनोईची, मूल मेकाँगचे

आधीच्या तपासणीत चित्रांची जी यादी वापरली होती ती उत्तरेच्या, म्हणजे हनोईच्या बोलीवर बेतलेली होती. १२ दोषांपैकी ५ दोष तिथेच जन्माला आले.

मेकाँगकडे ‘व’चा उच्चार ‘य’ होतो. हनोईत ‘झ’सारखे उच्चारले जाणारे शब्द इकडे ‘य’ने सुरू होतात. ‘र’च्या जागी त्रिभुज प्रदेशातल्या बऱ्याच गावांत घशाकडचा, घासून येणारा ‘ग’ येतो, आणि त्यावरून शहरातले लोक त्यांची थट्टाही करतात. शब्दाच्या शेवटी असलेला ‘न’ बहुतेक स्वरांनंतर ‘ङ’ होतो, शेवटचा ‘त’ ‘क’ होतो. हे सगळे आजीच्याही बोलण्यात होते. पण कागदावर ‘न’चा ‘ङ’ आणि ‘त’चा ‘क’ म्हणजे ‘जीभ मागे नेण्याचा दोष’ असे लिहिले गेले. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांमध्ये असा दोष खरोखरच असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही आली नाही.

यातून सुटायला एक साधी युक्ती आहे. तीच चित्रे, त्याच क्रमाने, घरच्या माणसाकडूनही म्हणवून घ्यायची आणि ध्वनिमुद्रित करायची. पाच मिनिटांचे काम. आजीचे उच्चार हे त्या मुलीसाठी प्रमाण. आजीपेक्षा जे वेगळे, तेवढेच दोषांच्या रकान्यात जाईल.

दुसरी पडताळणी ‘इ’ स्वराची. दक्षिणेकडे शेवटचे ‘न’ आणि ‘त’ बहुतेक स्वरांनंतर बदलतात, पण ‘इ’नंतर टिकून राहतात. म्हणून ‘चीन’ (नऊ) आणि ‘यीत’ (बदक, हनोईत ‘वीत’) हे शब्द मुद्दाम विचारायचे. मुलीचा ‘चीन’ स्वच्छ ‘न’ने संपला. ‘यीत’च्या शेवटी मात्र जिभेचे टोक वर गेलेच नाही, घशात बारीकसा अटकाव ऐकू आला आणि शब्द तुटला. म्हणजे शेवटच्या ‘न’बद्दलची नोंद चुकीची होती. शेवटच्या ‘त’बद्दलचीही चुकीचीच, पण त्या जागी एक खरा दोष दडलेला होता.

चित्रांचे शब्दही बोलीप्रमाणे बदलतात, आणि त्याचा थेट फटका अनुनासिकतेच्या मोजणीला बसतो. चमच्याचे चित्र ‘थ’साठी ठेवलेले: हनोईत चमचा म्हणजे ‘थीआ’. दक्षिणेत चमचा ‘मुओंग’. सुरुवातीला ‘म’, शेवटी ‘ङ’, आणि ‘थ’ कुठेच नाही. ‘आजी बाळाला कडेवर घेते’ हे वाक्य उत्तरेच्या शब्दांत नाकातल्या एकाही व्यंजनाशिवाय होते: ‘बा बे बे’. दक्षिणेतले मूल ‘बे’ हे क्रियापद वापरत नाही. ते ‘बोंग’ म्हणते नाहीतर ‘अम’ म्हणते. तोंडी (म्हणजे नाकातले एकही व्यंजन नसलेले) म्हणून निवडलेल्या वाक्यात अशी अनुनासिके शिरली की नाकातला आवाज वाढलेलाच दिसणार, टाळू धडधाकट असली तरी.

काय म्हणायला लावायचे

पाहुणे थेरपिस्ट मुलाला आकडे म्हणायला लावतात. इंग्रजीत साठ ते सत्तर मोजून घेतात, कारण त्यात ‘स’ पुन्हा पुन्हा येतो. व्हिएतनामी भाषेत एक ते दहा मोजा: मोत, हाय, बा, बोन, नाम, साउ, बाय, ताम, चीन, मुओय. दहापैकी सहा शब्दांत ‘म’ किंवा ‘न’. साठमध्येही ‘मुओय’ आलाच. (मराठीत दहापर्यंत मोजताना दोन, तीन आणि नऊ एवढेच अडतात.) तेव्हा आकड्यांवरून अनुनासिकतेचा अंदाज इथे बांधायचा नाही.

गप्पांवरूनही नाही. दक्षिणेतले मूल मोठ्यांशी बोलताना स्वतःला ‘कॉन’ म्हणते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक अनुनासिक. भात ‘कम’, खाणे ‘आन’, नाही ‘खोंग’, आई ‘मा’. आजूबाजूच्या अनुनासिकांमुळे स्वर रंगतात आणि ऐकणाऱ्याचा कान फसतो. गप्पा ऐकायच्या त्या बोलणे कळते किती हे पाहायला. अनुनासिकता ठरवायची तोंडी वाक्यांवर.

‘प’चा प्रश्न वेगळाच. अस्सल व्हिएतनामी शब्द ‘प’ने सुरू होत नाहीत. काही उसने शब्द आहेत, पण लहान मुले त्यातही ‘ब’ म्हणतात. जगभरच्या टाळू-तपासणीत पहिली पायरी असलेले ‘पा-पा-पा’ इथे मुलाला उगाच अडचणीत टाकते. ते ‘बा-बा-बा’ म्हणते आणि तपासणारा आणखी एक दोष लिहून मोकळा होतो. तिथला ‘ब’ आणि ‘द’ही आपल्यासारखे नाहीत. ते म्हणताना स्वरयंत्र खाली ओढले जाते आणि तोंडातला हवेचा दाब फारसा वाढत नाही. त्यामुळे नाकातून हवा निसटते का हे ‘ब’, ‘द’वर नीट कळत नाही. त्यांच्यावर दुसरेच कळते: दार उघडे राहिले की ‘ब’चा ‘म’ होतो. हवेची गळती पाहायची तर त, थ, स, ख आणि ओठ-दातांचा फ. हे ‘ख’ आणि ‘फ’ दोन्ही घर्षणाने म्हटले जातात.

शब्दाच्या शेवटचे प, त, क म्हणताना व्हिएतनामीत हवा सोडतच नाहीत. स्फोट नाही, म्हणून गळतीही ऐकू येत नाही. गळतीच्या चाचणीतून ते वगळायचे.

या मुलीसाठी पुढची वाक्ये वापरली, सगळी तिच्या घरच्या शब्दांत. ‘तय ती तो, ताय ती तो’ (तीचे हात मोठे, तीचे कान मोठे, ‘ती’ हे लाडाचे नाव). ‘को को का, को को का’ (बाईंकडे वांगे, बाईंकडे मासा, फरक फक्त सुरांचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा; व्हिएतनामीत त्याने शब्दाचा अर्थ बदलतो). ‘चू साउ सुअ से’ (सहावे काका गाडी दुरुस्त करतात, दक्षिणेत नातेवाइकांना जन्मक्रमाने हाक मारतात). उलट तपासणीसाठी एक पूर्ण नाकातले वाक्य, ‘मा मुअ मांग नॉन’ (आई बांबूचे कोवळे कोंब विकत घेते). ते नीट आले तर नाक मोकळे आहे. पहिल्या तीन वाक्यांत ‘अ’, ‘आ’बरोबर ‘इ’, ‘उ’ही हवेत. नेझोमीटरवर (नाकातून येणारा आवाज मोजणारे यंत्र) ‘इ’चा आकडा धडधाकट मुलांतही ‘आ’पेक्षा जास्त येतो, म्हणून सगळी वाक्ये एकाच स्वराची ठेवली की निकाल एकीकडे झुकतो.

आरसा, नळी आणि मेणाची गोळी

यंत्राआधी हाताने करायच्या चाचण्या. दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा थंड करून नाकपुडीखाली धरायचा आणि मूल शब्द म्हणत असतानाच पाहायचा. श्वास सोडताना आरसा धुरकट होणारच, म्हणून बोलणे सुरू झाल्यावर आरसा आणायचा आणि संपण्याआधी काढायचा. ‘तय ती तो’वर आरसा तीन ठिकाणी धुरकटला, ‘चू साउ सुअ से’वर सलग. प्लॅस्टिकच्या वाकणाऱ्या स्ट्रॉचे एक टोक नाकपुडीत, दुसरे तपासणाऱ्याच्या कानाशी धरले तर बारीक गळतीही ऐकू येते. ‘को को का’वर स्ट्रॉमध्ये हवा आली नाही. ही चांगली खूण वाटते, पण कारण निराळे होते: तिचा ‘क’ तोंडात तयारच होत नव्हता.

मग नाक चिमटीत धरून तेच वाक्य. आवाजात स्पष्ट फरक पडला, म्हणजे बोलताना आवाज नाकात शिरत होता.

तोंडात पाहिले तर कठीण टाळूवर, हिरडीच्या मागे, सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र. मऊ टाळू ‘आ’ म्हणताना उचलली जात होती, पण तिच्या मध्यरेषेवर एक खोलगट पन्हळ दिसत होती. हे चिन्ह लक्षात ठेवायचे. मऊ टाळू उचलणारे स्नायू दुभंगामुळे आडवे न जाता पुढेमागे चिकटलेले असतात. पहिल्या शस्त्रक्रियेत ते सोडवून आडवे जोडले नाहीत तर टाळू दिसायला बंद, कामाला कच्ची राहते.

गळती छिद्रातून की मागच्या दारातून? नेहमीची युक्ती म्हणजे ‘त’ आणि ‘क’ची तुलना. ‘क’साठी जीभ छिद्राच्या मागे टेकते, तेव्हा हवा छिद्रापर्यंत पोचत नाही. ‘त’ गळतो आणि ‘क’ गळत नाही, तर संशय छिद्रावर. पण हिचा ‘क’ घशात होता, सबब तुलना बाद. म्हणून छिद्र झाकून पाहिले: गॉझने टाळू कोरडी केली, तारा लावलेल्या दातांसाठी मिळते त्या मऊ मेणाची वाटाण्याहून लहान गोळी छिद्रावर चपटी दाबली आणि वाक्ये पुन्हा म्हणवली. ‘त’ आणि ‘थ’वरची गळती बरीच कमी झाली. ‘स’वरची थोडीच. स्वरांतला गेंगाणेपणा जवळजवळ तेवढाच. म्हणजे छिद्र दोषी आहे, पण एकटे नाही. मेण लगेच काढायचे. ते तोंडात ठेवून मुलाला खायला किंवा झोपू द्यायचे नाही.

कान तपासले. डाव्या कानात पडद्यामागे पाणी आणि सौम्य बहिरेपण. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत हे इतके सर्रास असते की कान न तपासता वाचा उपचार सुरू करणे म्हणजे अंधारात तीर. कान-नाक-घसा विभागाने त्याचा पाठपुरावा केला.

घशातला अटकाव आणि सूर

प्रकरणाची खरी गाठ इथे होती. ‘त’ (निम्म्या वेळा) आणि ‘क’ (प्रत्येक वेळी) यांच्या जागी मुलगी ग्लॉटल स्टॉप वापरत होती. स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटून सोडायचे आणि व्यंजन म्हटल्याचा आभास करायचा. टाळू गळत असली की हवेचा दाब गळतीच्या अलीकडेच, म्हणजे घशात, तयार करणे हा मुलाला सुचलेला व्यवहारी मार्ग असतो. ‘ख’साठी ती घशाच्या भिंतीवर घर्षण करत होती.

व्हिएतनामीत हा अटकाव ओळखणे कठीण जाते, कारण भाषेतच तो आहे. हनोईच्या सहा सुरांपैकी ‘नांग’ हा सूर खाली येऊन घशात चटकन तुटतो आणि ‘ङा’ हा सूर मध्येच घशात अडखळून वर जातो. या दोन सुरांवर स्वरतंतू मिटणे हाच बरोबर उच्चार. हनोईच्या मुलाच्या अशा शब्दातला अटकाव दोष म्हणून लिहिला तर चूक, आणि सूरच आहे म्हणून सोडून दिला तर त्याआड लपलेला खरा दोष सुटतो. शब्दाच्या शेवटी प, त, क असतील तर फक्त ‘साक’ (वर चढणारा) किंवा ‘नांग’ हे दोनच सूर येऊ शकतात. त्यामुळे शेवटच्या व्यंजनाच्या जागी घशातला अटकाव घातला तरी शब्द कानाला जवळपास बरोबर वाटतो. आजीला तो कधीच खटकला नव्हता.

दक्षिणेच्या बोलीने इथे मदत केली. तिथे ‘हॉय’ आणि ‘ङा’ हे सूर एकच झाले आहेत आणि ‘नांग’वरचा अटकावही हनोईइतका तीव्र नसतो. म्हणजे मेकाँगच्या मुलीच्या शब्दाच्या मध्यात किंवा सुरुवातीला घट्ट अटकाव आला तर तो सुराचा नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शिवाय तपासणीचे शब्द सपाट ‘ङांग’ आणि खाली उतरणारा ‘हुयेन’ या दोन सुरांतले घ्यायचे. या सुरांत अटकावाला भाषेत जागाच नाही. ऐकू आला की तो दोष. शेवटच्या ‘प’साठी कानापेक्षा डोळा बरा: ‘बाप’ (मका), ‘देप’ (सुंदर) म्हणताना ओठ मिटतात की नाही ते समोरून पाहायचे. तिचे मिटत होते.

दुर्बीण घालायची घाई

आधीच्या पथकाने नाकातून दुर्बीण घातली होती. अहवाल: मोठी फट, टाळूची हालचाल अपुरी. त्यावरूनच घशातल्या पट्टीचा सल्ला आला. दुर्बिणीखाली म्हणायला दिलेले शब्द पाहिल्यावर मात्र खुलासा होतो. त्यांतले बहुतेक ‘क’ आणि ‘त’चे होते, जे ती घशात करत होती. व्यंजन घशात तयार होते तेव्हा वरचे दार मिटायची गरजच उरत नाही, आणि ते मिटण्याचा प्रयत्नही धड करत नाही. हेनिंगसन आणि इसबर्ग या संशोधकांनी १९८६ साली हे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले: तेच मूल, तोच दिवस, तोंडातल्या उच्चाराला दाराची हालचाल चांगली आणि घशातल्या उच्चाराला तुटपुंजी. तेव्हा मूल निदान दोन-तीन व्यंजने तोंडात करू लागेपर्यंत दुर्बिणीच्या अहवालावर शस्त्रक्रिया ठरवायची नाही. आधी थेरपी, मग दुर्बीण. गळती चालू असतानाही जीभ कुठे टेकवायची हे शिकवता येते. हवा नाकातून गेली तरी चालेल, जागा तोंडातली हवी.

बारा आठवडे

ठरले ते असे: आठवड्याला दोन सत्रे, ४० मिनिटांची, त्यातले एक मोबाइलवर व्हिडिओ कॉलने. चार तासांचा बसप्रवास दर वेळी परवडणारा नव्हता. घरी आजीबरोबर रोज दोनदा दहा मिनिटे. प्रत्येक सत्रात ठरवलेल्या ध्वनीचे किमान १०० उच्चार. यापेक्षा कमी झाले तर ते सत्र गप्पांत गेले असे समजावे.

आजी तोवर रोज फुगे आणि शिट्ट्या फुंकून घेत होती. ते बंद केले. फुंकताना दार मिटते म्हणून बोलतानाही मिटेल असे होत नाही. बोलण्याची हालचाल बोलूनच सुधारते.

पहिला ध्वनी ‘थ’. व्हिएतनामीत महाप्राण ‘थ’ स्वतंत्र आहे, आणि अटकाव मोडायला तो हुकमी. महाप्राणासाठी स्वरतंतू उघडे राहावे लागतात, मिटलेले स्वरतंतू आणि ‘ह’चा झोत एकत्र होऊच शकत नाहीत. आधी नुसता लांब कुजबुजता ‘ह’, मग जिभेचे टोक दातांमागे टेकवून त्यातूनच ‘थ-हहह-आ’. नाक चिमटीत. ‘था’, ‘थो’, ‘थे’, सगळे सपाट सुरात. चौथ्या आठवड्यात ‘थ’ शब्दांत आला, तेव्हा ‘ह’ हळूहळू आखडता घेत ‘त’. ‘त’ म्हणताना अटकाव परतला की एक पाऊल मागे, पुन्हा ‘थ’. (मराठी मुलांसाठी हाच मार्ग आणखी सोपा: थ, ख, फ तिन्ही घरचेच.)

‘क’ला महाप्राणाची मदत मिळाली नाही, कारण तिथला ‘ख’ घर्षणाचा आणि तो तर घशातच होत होता. तिथे ‘ङ’ कामी आला. व्हिएतनामी शब्द ‘ङ’ने सुरू होतात आणि मुलीचा ‘ङ’ पहिल्यापासून उत्तम होता, कारण त्याला मागचे दार उघडेच लागते. ‘ङा’ म्हणायला लावून, जीभ तिथेच ठेवून, नाक चिमटीत धरले की आवाज आपोआप ‘गा’सारखा होतो. तिथून कुजबुजत ‘का’. ‘ङा, ङा, ङा’ आणि मग चिमटीसह ‘का’, एकाच श्वासात. हा ध्वनी हाती यायला सात आठवडे गेले. कुठल्याही शब्दाआधी ‘को’ (बाई) या हाकेवर जोर दिला, कारण पहिलीतल्या मुलाच्या तोंडी तो शब्द दिवसातून शंभरदा येतो.

जे अडले तेही सांगायला हवे. ‘नांग’ सुराचे शब्द लवकर घेतले तेव्हा जुना अटकाव दोन दिवसांत ‘का’मध्ये शिरला. ते शब्द दहाव्या आठवड्यापर्यंत मागे टाकले. आणि आजी कौतुकाने मुलीला ‘मोठ्याने बोल’ म्हणत असे. जोर लावला की घसा आवळतो. ‘हळू बोल, मऊ बोल’ हा बदल आजीच्या बाजूने करावा लागला.

‘स’ आणि ‘फ’ची जिभेची-ओठांची जागा मुळात बरोबर होती, फक्त हवा गळत होती. त्यांच्यावर थेरपीचा वेळ घालवला नाही. ती गळती सर्जनने थांबवायची.

पुन्हा दुर्बीण, मग निर्णय

बाराव्या आठवड्याच्या शेवटी ‘त’, ‘थ’ आणि ‘क’ शब्दांत तोंडातून येऊ लागले होते. गेंगाणेपणा कायम, किंबहुना अधिक उघडा, कारण आता प्रत्येक व्यंजनावर हवा निसटताना ऐकू येत होती. आजी चिंतेत पडली. पण थेरपी लागू पडली की असेच ऐकू येते, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

नाकात बधिर करणारा फवारा, तीन मिलिमीटरच्या आसपासची दुर्बीण, नाकाच्या मधल्या वाटेने, म्हणजे दार वरून पूर्ण दिसते. या वेळी म्हणायला दिली ती वरचीच वाक्ये. टाळू मागे-वर नीट जात होती. बाजूच्या भिंतीही हलत होत्या. उरत होती ती एक छोटी आडवी फट, आणि टाळूच्या नाकाकडच्या बाजूला मध्यभागी खाच: स्नायू आडवे जोडलेले नाहीत याची खूण. आधीच्या अहवालातली ‘मोठी फट’ कुठेच नव्हती.

नेझोमीटरवर (नाकातली ध्वनिऊर्जा भागिले नाक आणि तोंड यांची बेरीज, टक्क्यांत) तोंडी वाक्यांचा आकडा ४६ आला. आकडा वाचताना काही पथ्ये आहेत. वाक्य निदान सहा अक्षरी असावे, म्हणून ‘चू साउ सुअ से’ दोनदा जोडून म्हणवले. सर्दी असेल तर दिवस बदलायचा. दोन माइकमधली पट्टी वरच्या ओठाला आडवी, सरळ टेकलेली हवी. ती तिरकी झाली की आकडा हलतो. एकाच मुलाच्या दोन मोजण्यांत चार-पाच गुणांचा फरक काहीच सांगत नाही. आणि इंग्रजी उताऱ्यांवरून ठरलेली सीमारेषा व्हिएतनामी वाक्यांना लावायची नाही. त्याच प्रदेशातल्या, त्याच वयाच्या, टाळू धड असलेल्या मुलांकडून तीच वाक्ये त्याच यंत्रावर म्हणवून घ्यायची आणि तुलना त्यांच्याशी करायची.

घशातल्या पट्टीचा सल्ला बाजूला ठेवला. फट लहान, टाळू हलती, स्नायू चुकीच्या दिशेने: अशा वेळी मऊ टाळू पुन्हा उघडून स्नायू आडवे बसवणारी आणि टाळूची लांबी वाढवणारी, सर्जन फर्लो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेली उलटसुलट ‘झेड’ छेदांची पद्धत योग्य ठरते. सोबतच पुढचे छिद्र बंद. पट्टीचे दुष्परिणाम सगळीकडे सारखेच, घोरणे, झोपेत श्वास अडणे, नाक कायमचे चोंदल्यासारखा आवाज. व्हिएतनामीत शेवटच्या गोष्टीची किंमत फार पडते. शब्दाच्या सुरुवातीला चार आणि शेवटीही चार अनुनासिके. नाक बंद झाले की ‘मा’ची ‘बा’ होते, आई आणि बाबा यांच्यात फक्त सुराचा फरक उरतो. पट्टी वाईट नव्हे. मोठ्या फटीला तीच लागते. इथे ती जास्तीची होती.

शस्त्रक्रियेनंतर

तीन आठवडे मऊ आहार, चमचा आणि स्ट्रॉ तोंडात घालायला बंदी. सहा आठवडे उच्चारांच्या सरावाला सुटी. सूज असेपर्यंत आवाज चोंदल्यासारखा येतो, त्यावरून मत बनवायचे नाही. तीन महिन्यांनी पहिली तपासणी, सहा महिन्यांनी खरी.

सहा महिन्यांनी तोंडी वाक्यांचा आकडा २४. आरसा ‘चू साउ सुअ से’वर एकदाच, पुसट धुरकटला. ‘मा मुअ मांग नॉन’ स्वच्छ. कालवण नाकातून येणे थांबले. ‘त’, ‘थ’, ‘क’ वाक्यांत टिकले. घाईत बोलताना ‘क’ अजून अधूनमधून घशात जातो, विशेषतः ‘नांग’ सुरावर. ‘ख’चे घशातले घर्षण तसेच आहे, कारण त्यावर काम सुरूच झालेले नव्हते. पुढच्या टप्प्यात ‘ख’ आणि ‘यीत’सारख्या शब्दांतला शेवटचा ‘त’, आठवड्याला एक सत्र. बाईंना कागदावर लिहून दिले की ‘व’चा ‘य’ आणि ‘र’चा ‘ग’ ही गावची बोली आहे, ती दुरुस्त करू नये. हिरडीतल्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया सुळ्याचा पक्का दात येण्याआधी, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान. कानाची तपासणी दर सहा महिन्यांनी.